पाजवाडीचा उपग्रह

काचेपलीकडे माझा पेलोड उपग्रहावरून उतरवत होते.

मी त्याच दुपारी गावाहून पुण्याला परतले होते. खोलीवर न जाता बॅग खांद्याला तशीच ठेवून थेट चाकणला कंपनीत आले, कारण पेट्या बोटींवर बसल्या, चालल्या, हे हुपरीकर सरांना कधी एकदा सांगते असं झालं होतं. जोडणीच्या दालनाबाहेर बघायला एक लांबलचक काच होती. त्या काचेशी आले आणि पाय थांबले. आमचा उपग्रह मधोमध उभा होता, एखाद्या मोठ्या फ्रीजएवढा, आणि त्याच्या माथ्यावरून चौकोनी सोनेरी खोका साखळीने वर उचलला जात होता. तो खोका माझा होता. त्याच्यावर मी तीन वर्षं घालवली होती.

साखळीखाली स्वतः हुपरीकर सर उभे होते. हे काम तंत्रज्ञांचं. पण त्या दिवशी तंत्रज्ञ भिंतीला लागून उभे होते आणि पासष्टीचे हुपरीकर सर दोन्ही हातांनी खोक्याला अलगद दिशा देत होते.

मी पांढरा डगला चढवला, टोपी घातली आणि आत गेले.

"सर, काय बिघडलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काही बिघडलेलं नाही."

"मग उतरवता कशाला?"

"पावसे, आधी टोपी नीट कर. केस बाहेर आलेत."

मी केस आत कोंबले. खोका गाडीवर टेकला. सरांनी त्याच्यावर आच्छादन घातलं, चारी कोपरे ताणून बसवले आणि मग म्हणाले, "मिरीकरांकडे जा. मला विचारू नकोस."

हुपरीकर सर कोण, ते सांगायला हवं. आयुष्यभर सरकारी नोकरीत उपग्रह बांधून ते निवृत्त झाले होते आणि मालक रणजित मिरीकरांनी त्यांना आमच्या नव्या खाजगी कंपनीत आणलं होतं. उपग्रहाचे दोन भाग असतात. एक त्याचं खरं काम करणारं यंत्र, म्हणजे पेलोड. संदेश पोचवणारं, दिशा दाखवणारं, जे काय असेल ते. दुसरा भाग खालचा तळ. वीज, इंधन, तोंड योग्य दिशेला ठेवणं, जमिनीशी बोलणं ही सगळी व्यवस्था त्या तळात. पूर्वी प्रत्येक कामासाठी तळ नव्याने बांधायचे. सरांनी आमच्यासाठी एकच तळ असा बांधला की वर कुठलाही पेलोड बसावा. संदेशाचा बसवा, दिशादर्शनाचा बसवा, छिद्रं तीच, जोडण्या त्याच. नव्या मुलांना ते सांगत, "एसटी आहे असं समजा. इंजिन आपलं, डिझेल आपलं, चाकं आपली. आत कोण बसलंय ते गाडीने विचारायचं नाही."

त्या गाडीत पहिल्यांदा बसणार होती आमची पाजवाडी.

पाजवाडी माझं गाव. दाभोळ खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची वस्ती आहे. बाबा, काशिराम पावसे, तिथले जुने तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, आणि मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइल बंद पडतो, वायरलेस थोड्या अंतरापर्यंतच पोचतो. त्यापुढे माणूस आणि समुद्र. माझा पेलोड त्यासाठी होता. बोटीवर एक लहानशी पेटी. ती दिशा दाखवील, जागा ओळखील आणि बटण दाबलं की 'आम्ही इथं आहोत' एवढं उपग्रहाला कळवील. मच्छीमारांसाठीच्या एका निधीतून या कामाला मदत मिळाली होती आणि आमच्या गावची सोसायटी त्यात भागीदार होती. ती भागीदारी मीच मिळवून दिली होती. गावात सभा घेतली तेव्हा बाबांनी सगळ्यांदेखत मला विचारलं होतं, "बाय, एक उपग्रह दिवसातनं थोड्याच टायमाला वरनं जानार म्हनतेस. म्हंजे बुडनाऱ्याने त्याची वाट बघायची?"

लोक हसले होते.

"आणखी उपग्रह आले की वाट बघावी लागणार नाही," मी म्हटलं होतं. "आणि एक असला तरी शोधायचं कुठं, ते तरी कळेल ना?"

तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

आणि आता त्याच आठवड्यात मी बोटींवर पेट्या बसवून आले होते. माझा धाकटा भाऊ नितेश प्रत्येक बोटीवर माझ्याबरोबर चढला. स्क्रू त्याने पिळले, तारा त्याने ओढल्या. शेवटची पेटी आमच्या बोटीवर बसवली तेव्हा त्याने बटण दाबून पाहिलं, हिरवा दिवा लागला, आणि तो ओरडला, "हर्षा, लागला गो!" मी म्हटलं, अरे, वर अजून काही नाही, हा नुसता पेटीचा दिवा आहे. तर म्हणतो, "असूंदे. लागला ना?"

मी मिरीकरांच्या केबिनमध्ये गेले.

मिरीकर आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. उलट फार गोड. त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"हर्षला, प्रवास कसा झाला?"

"माझा पेलोड का काढला?"

"काढला नाही, पुढे ढकलला. पुढच्या उपग्रहावर जाईल." त्याने टेबलावर हात पसरले. "एक परदेशी जहाज कंपनी आहे. मालवाहू जहाजं. त्यांना त्यांच्या ताफ्याशी बोलायला पेलोड वर हवा होता, त्यांचा उपग्रह रखडला. त्यांनी विचारलं, तुमच्या तळावर बसेल का? हुपरीकरांनी तपासलं. बसतो. आपलं पहिलं उड्डाण आहे. त्यांचा पेलोड वर गेला तर पुढचे उपग्रह ते आपल्याकडूनच घेणार. मग तुझ्या कोळ्यांसाठी एक काय, चार पाठवू."

"गावात पेट्या बसवून आलेय मी."

"राहू देत की. पेट्यांना काय होतंय?"

"त्या कुणाशी बोलणार?"

मिरीकरने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "हे बघ, जेटीवरचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. मोठा पडदा, उड्डाण थेट दाखवायचं, खुर्च्या, नाश्ता. तू गावची लेक, तू दोन शब्द बोलायचे. सागरी सेवेची सुरुवात, एवढंच. खोटं काही नाही त्यात. तळ तोच आहे."

"आणि गावाला काय सांगायचं?"

"गावाचं माझ्यावर सोड."

मी कपाला हात लावला नाही. मला वाटलं, हा गावाला थापा मारणार आणि त्या माझ्या तोंडून वदवणार.

बाहेर पडले तर हुपरीकर सर जिन्यात उभे होते. डगला काढून हातावर टाकलेला. एकदम म्हातारे दिसत होते.

"तुम्ही 'नाही बसत' म्हणाला असतात तर?" मी विचारलं.

"बसतो ना पण."

"खोटं बोलता आलं असतं."

"ते मला कधी जमलं नाही." ते कठड्याला टेकले. "पेलोड वेळेत आला नाही म्हणून अख्खे उपग्रह धूळ खात पडलेले मी पाहिलेत, पावसे. म्हणून असा तळ केला की त्याने कोणाची वाट बघू नये. त्याचा असाही उपयोग होईल हे मला सुचलंच नव्हतं असं म्हणणार नाही. सुचलं होतं. आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं."

"मग स्वतः कशाला उतरवलात? माणसं होती ना."

"दुसऱ्या कोणी उतरवला असता तर ओरखडा पडला असता," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढचे तीन महिने मी कामावर गेले, पण मला काम नव्हतं. माझा खोका कपाटात होता. नवा पेलोड आला, बसला, तपासण्या झाल्या. एकही अडचण आली नाही. सरांचा तळ इतका नेटका होता की अडचण यायला जागाच नव्हती. मी रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं, मिरीकरला खुर्चीत बसवून. मी मनात वाक्यं जुळवत होते.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी आम्ही पाजवाडीला पोचलो. लिलावाच्या शेडमध्ये पडदा लावला होता. मासळीचा वास जावा म्हणून फरशी धुतलेली, तरी वास होताच. बायका नटून आल्या होत्या, अंबाडे, अबोलीचे गजरे, दागिने. पुरुषांच्या डोक्यावर कंपनीने वाटलेल्या निळ्या टोप्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. शेडच्या शेजारी एक नवं पक्कं बांधकाम उभं राहिलं होतं, शटर ओढलेलं, दाराला हार. मला वाटलं, सोसायटीने जाळी ठेवायला गाळा बांधला असेल.

नितेशला मी बाजूला घेतलं. "बाबा कुठे आहेत? मला आधी त्यांच्याशी बोलायचंय."

तो माझी नजर चुकवत होता. "सायबांबरोबर हाएत. नंतर बोल ना."

"नंतर उशीर होईल."

"हर्षा," तो म्हणाला, "तू आज काय नको बोलू." आणि कोणी हाक मारल्यासारखं करून निघून गेला.

पडद्यावर आकडे उलटे मोजले गेले. रॉकेट आगीवर चढून उठलं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. माझ्या आईने पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "माज्या बायचा हाय तो." काही वेळाने पडद्यावर आलं की उपग्रह वेगळा झाला, सौरपट्ट्या उघडल्या, सगळं व्यवस्थित आहे. टाळ्या थांबेनात. हुपरीकर सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांच्या कामानंतर त्यांचा तळ वर गेला होता आणि त्यांना आनंद लपवता येत नव्हता. त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला.

मिरीकरने माईक माझ्या हातात दिला. "आता आपल्या गावची लेक, हर्षलाताई पावसे."

मी उभी राहिले. जुळवलेली वाक्यं एकही आठवेना.

"जो वर गेला," मी म्हटलं, "त्यात आपलं यंत्र नाही."

मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या आयांनी त्यांचे हात धरले.

"आपलं यंत्र काढलं आणि मोठ्या जहाजवाल्यांचं बसवलं. तुमच्या बोटींवरच्या पेट्या आज कुणाशी बोलत नाहीत. बटण दाबलंत तरी कुठं काही पोचणार नाही. मी तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून हे मीच सांगतेय. यांनी आपल्याला फसवलंय."

मी मिरीकरकडे वळले. तो शांत बसला होता. रागावला नव्हता, दचकला नव्हता. त्याने माझ्या बाबांकडे पाहिलं, एखाद्या यजमानाने पाहावं तसं.

बाबा उठले. त्यांनी डोक्यावरची निळी टोपी काढली, खुर्चीवर ठेवली आणि माझ्याजवळ आले.

"बाय," ते हळू म्हणाले, पण माईक माझ्या हातात होता आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "खाली बस. आमाला ठावं हाय."

मला कळलंच नाही. "काय ठावं आहे?"

"सगलं. तू पेट्या बसवून गेलीस, मागनं सायेब आलेला. सोसायटीची सभा झाली. आमी हो म्हटलं."

मी लोकांकडे पाहिलं. निळ्या टोप्या खाली झुकल्या होत्या. बायका गजरे सारखे करत होत्या. फक्त माझी आई गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होती. सभेला बायकांना बोलावलं नव्हतं; बाकीच्यांना घरी कळलं असावं, तिला बाबांनी सांगितलं नव्हतं.

बाबांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. "चला," ते लोकांना म्हणाले, "सायबांना टाइम नाय. फीत कापून घेऊ."

सगळे उठले. शेजारच्या बांधकामाचं शटर वर गेलं आणि आतून गार धूर बाहेर आला. बर्फाचा कारखाना होता. मिरीकरने फीत कापली. आतून पहिली लादी सरकत बाहेर आली तशी बायका पुढे धावल्या, बर्फाला हात लावून बघू लागल्या. कोणीतरी तुकडा फोडून पोरांना दिला. माझ्या अंगावरून माणसं जात होती आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. एक म्हातारी तेवढी थांबली, माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, "पोरी, मानूस पावन्यांपुढे असं बोलतंय काय?"

दुपारी गाड्या गेल्या. मी त्यांच्याबरोबर परत गेले नाही. बाबा पुळणीवर उपड्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाय म्हटलं असतंस."

"म्हटलंच असतं! बाबा, हुपरीकर सर जाताना सांगून गेले, तुमची सही नसती तर त्याला यंत्र बदलता येत नव्हतं. निधीचा नियमच होता तसा. सोसायटी हो म्हणेल तरच. म्हणून आला तो तुमच्याकडे. त्याची मान तुमच्या हातात होती."

"म्हनून तर बर्फ मिलाला."

ते अगदी सहज म्हणाले. त्यांनी गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"तू पुन्यात ऱ्हातेस. तुला ठावं नाय असं नाय, पन तू इसरलीस. बर्फ दापोलीवरनं येतो. गाडी आली तर आली. नायतर व्यापारी म्हनंल त्या भावाने पापलेट द्यायचं, नायतर सडलं म्हनून पुरायचं. तुझी आय टोपलीभर कुजलेली मासली डोक्यावर घेऊन परत आलेली बघितलीस ना तू? वरीसभर असं. सायबाने विचारलंन, काय पायजे? मी बर्फ बोललो."

"आणि बोट अडकली तर?"

"समुद्रात मरन कदीतरी येतं," बाबा म्हणाले. "बर्फ रोज लागतो."

"हे सगळ्यांना पटलं?"

"सगल्यांनी हात वर केलंन."

"नितेशने?"

बाबांचा हात जाळ्यात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "पोर हाय तो अजून," ते म्हणाले.

नितेश मला जेटीच्या टोकाला सापडला. "मी नाय केला हात वर," तो म्हणाला. "पन मी एकटा काय करनार? तुला सांगू नको म्हनून बाबांनी शपत घातलेली."

"मी उद्या राजीनामा देणार आहे."

"कशाला?" तो खरोखर चकित झाला. "तू गेलीस तर दुसरा उपग्रह कोन सोडंल?"

मी राजीनामा दिला. मिरीकरने तो दुःखी चेहऱ्याने घेतला आणि माझी शिफारस चांगली लिहून दिली. पुढचा उपग्रह गेला, त्याच्या पुढचा गेला. सरांचा तळ परदेशातही नावाजला. प्रत्येक वेळी वर वेगळं कोणीतरी बसलं. माझा खोका कोणी काढून टाकला नाही, कोणी बसवलाही नाही. मी मुंबईत एका कॉलेजात शिकवू लागले. गावी जाणं कमी झालं. गेले की बाबा विचारत, "कदी आलीस?" आणि मी निघाले की म्हणत, "सांभालून जा." मधलं बोलणं संपलं होतं.

पाजवाडीचं मात्र बरं झालं, हे नाकारता येत नाही. बर्फ हाताशी आला तसे व्यापारी नरमले. आईने टोपली सोडली आणि लिलावात उभी राहू लागली. घरांवर स्लॅब पडले. बाबा पुन्हा चेअरमन झाले, बिनविरोध.

काही वर्षांनी, दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा, समुद्रात वादळ उठलं. इशारा मिळाला, बऱ्याच बोटी परतल्या. नितेशची बोट परतली नाही. लग्न ठरलं होतं त्याचं.

मी पोचले तेव्हा बाबा जेटीवर तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यासमोर उभे होते. अधिकारी नकाशा पसरून विचारत होता, "शेवटचे कुठे होते ते?" बाबा बोट ठेवायचे, उचलायचे, दुसरीकडे ठेवायचे. "इथं आसंल. नायतर इथं." त्यांनी उत्तरेकडचा पाण्याचा मोठा तुकडा दाखवला. तिकडे विमान गेलं, गावच्या बोटी गेल्या. काही मिळालं नाही.

बोट सापडली दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्याही पुढे, तिकडच्याच मच्छीमारांना. इंजिन बंद पडून प्रवाहाबरोबर वाहत गेली होती. तिच्यावर एक खलाशी जिवंत होता, रामदास. आणि नितेश होता, पण तो आदल्या रात्री गेला होता. बाकीचे वादळातच वाहून गेले होते.

रामदास इस्पितळातून घरी आला तेव्हा आम्ही त्याला भेटायला गेलो, बाबा आणि मी. त्याचे ओठ अजून फुटलेले होते.

"त्याला छातीत मार बसलेला," तो म्हणाला. "पन बोलत होता. पेटीजवलच बसलेला. सारखा बटन दाबायचा. हिरवा दिवा लागायचा. मी म्हटलं, अरे कशाला दाबतोस, वर आपलं काय नाय, सगल्यांना ठावं हाय." रामदासने माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "तर म्हनायचा, मधी दुसरा सोडला आसंल. हर्षाने सोडला आसंल. ती सोडल्याबिगर नाय ऱ्हायची."

मी बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रामदासच्या बायकोने चहा आणला, तो आम्ही प्यायलो.

परत आल्यावर बाबा ओट्यावर बसले. मी समोरच्या पायरीवर. आत आई कोणाशी तरी दिवसकार्याच्या तयारीचं बोलत होती. जेटीकडून लिलावाची ओरड येत होती. 

"तो तुमचा उपग्रह," बाबांनी विचारलं, "अजून फिरतो?"

"फिरतो."

"बरा चालतो?"

"उत्तम चालतो."

त्यांनी मान हलवली. मग एकदम म्हणाले, "आज विचारलंन ना, तरी मी सही करीन."

"बाबा, पुरे."

"पुरे काय? खोटं बोलू?" त्यांचा आवाज चढला, आणि तो आवाज त्यांचा वाटत नव्हता. "गावात जा. घराघरात जाऊन बघ. पोरं पोटभर जेवतायत. शालेत जातायत. त्यांच्या बापांना विचार, बर्फ पायजे की पेटी. एक तरी पेटी म्हनंल? एक तरी? माजा एकटाच म्हनायचा." ते थांबले.  "मी चेअरमन होतो. एकट्याचं ऐकून कसं चालंल?"

मी पायरीवरून उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. 

आतून आईने विचारलं, "कोनाशी बोलताव हो?"

बाबांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, मग तोंड फिरवलं.

"कोनाशी नाय," ते म्हणाले.